लोअर आर्मचा बोल्ट पुन्हापुन्हा ढिला होतो? बोल्ट बदलणं थांबवा, आतल्या नटाचे आटे बघा

कुंभार्ली घाटात डावं वळण आलं की पुढच्या उजव्या चाकाखालून ‘टक्’ व्हायचं. ब्रेक दाबला की एकदा, सोडला की पुन्हा एकदा. वर्षभरात हा आवाज तीन वेळा आला. पहिल्या वेळी गॅरेजात लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) मागचा बोल्ट ढिला सापडला, तो आवळला. दीड महिना बरा गेला. दुसऱ्या वेळी बोल्टच नवा टाकला, तो पाऊस संपेपर्यंत टिकला. तिसऱ्या वेळी बोल्ट नुसताच फिरायला लागला. कितीही आवळा, धरतच नाही.

“आटे गेले हो साहेब,” मेकॅनिक म्हणाला. “एक साइज मोठा बोल्ट मारून देतो, अर्ध्या तासात मोकळे व्हाल.”

मी नको म्हटलं. शेजारच्या दुसऱ्या बोल्टाच्या भरवशावर विसाच्या वेगाने गाडी घरी आणली. खरं तर तेवढंही चालवायला नको होती, टो करायला हवी होती. पुढचे दोन रविवार गाडीखाली गेले. त्यातून जे कळलं ते हे की आटे फक्त आवळताना जात नाहीत. पुष्कळदा ते जातात काढताना, नाहीतर पहिल्या दोन फेऱ्यांत. आपण मात्र दर वेळी आवळण्यावरच डोकं लावतो, म्हणून दुखणं परत येतं.

आधी तो नट असतो कुठे ते समजून घ्या. आपण सरसकट ‘चेसिस’ म्हणतो, पण हॅचबॅकला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. पत्रे दुमडून, एकमेकांना स्पॉट वेल्ड करून बंद पेट्या केलेल्या असतात आणि त्याच सगळा भार घेतात. माझ्या गाडीत लोअर आर्मच्या मागच्या ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट खालून वर जातात आणि पेटीच्या आतून वेल्ड केलेल्या नटांत बसतात. तो नट दिसत नाही, त्याला पाना लागत नाही. बोल्टाचं टोक नटाच्या पलीकडे चांगलं सेंटिमीटरभर वर निघून पेटीच्या अंधारात उभं असतं.

माझी गाडी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरात स्टेअरिंगपर्यंत बुडालेली. नंतर सीट, गालिचे, बेल्ट, वायरिंग सगळं काढून धुतलं, उन्हात वाळवलं. पण पेटीच्या आतला वाशिष्ठीचा गाळ कोण काढणार? तो तिथेच बसला, ओल धरून. बोल्टाचं ते उघडं टोक त्या ओलीत वर्षानुवर्षं गंजलं, आणि गंज चढला की आटे फुगतात. मग कधीतरी आर्मचा बुश (झटके झेलणारी रबरी गादी) बदलायला बोल्ट काढायची वेळ येते, तेव्हा ते फुगलेलं टोक नटाच्या प्रत्येक आट्यातून ओढून खाली आणावं लागतं. भोकात कानस फिरवावी तसं. त्यात इम्पॅक्ट गन (ठोके देत बोल्ट फिरवणारं यंत्र) लावली असेल तर काही जाणवायच्या आत सगळं उरकलेलं असतं. बोल्ट बाहेर आलेला दिसतो, सोबत नटाचं काय बाहेर आलं ते कोणी बघत नाही.

पूर नसला तरी रत्नागिरी, मालवण, पणजीकडच्या खाऱ्या हवेत हेच होतं, जरा सावकाश. आणि खालून काळं कोटिंग मारताना बोल्टांची भोकं न झाकता फवारलं असेल, तर नटात डांबराचं बूच बसतं. पुढचा माणूस त्यावरच बोल्ट रेटतो.

आता माझ्या केसमधला दुसरा गुन्हेगार. काढून टाकलेले जुने बोल्ट मी जपून ठेवतो (घरचे याला भंगार म्हणतात). गॅरेजमधून आणलेला ‘नवा’ बोल्ट डाव्या बाजूच्या मूळ बोल्टाशेजारी धरला. जाडी तीच, १२ मिलिमीटर. लांबी जवळपास तीच. पण दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरले, तर पहिले दोन मिळाले आणि पुढे फट पडत गेली. मूळ बोल्टाचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिलिमीटर, नव्याचा १.५.

पिच गेज असेल तर उत्तम, नसेल तर साधी व्हर्नियर किंवा शाळेची स्टीलची पट्टीही चालते. आट्याच्या एका माथ्यापासून सुरू करून अकराव्या माथ्यापर्यंत मोजा. साडेबारा मिलिमीटर आलं तर पिच १.२५, पंधरा आलं तर १.५, साडेसतरा आलं तर १.७५. हार्डवेअरच्या दुकानात नुसता ‘बाराचा बोल्ट’ मागितलात तर बहुधा १.७५ चाच हातात पडेल, कारण गेट, ग्रिल, शेडवाल्यांचा तोच माल. गाड्यांना, त्यातही जपानी घराण्यातल्या गाड्यांना, १० आणि १२ च्या बोल्टाला बारीक १.२५ चे आटे सर्रास असतात. म्हणून माप सांगताना दोन आकडे सांगायचे, आणि तिसरा डोक्यावरचा, मजबुतीचा: ८.८ किंवा १०.९. डोकं कोरं असलेला बोल्ट सस्पेन्शनला लावू नका.

दीडचा बोल्ट सव्वाच्या नटात शिरतो, हीच खरी पंचाईत. अजिबात शिरला नसता तर कोणालाही कळलं असतं. एक फेरी नीट जातो, दुसऱ्या फेरीला जरा जड होतो. तीन फेऱ्यांत पाऊण मिलिमीटरची तफावत पडते, म्हणजे अर्ध्याहून जास्त आटा. तिथे हाताने फिरवणारा माणूस थांबतो. गनने फिरवणाऱ्याला थांबायचं कारण नसतं. बोल्ट मऊ नटात स्वतःचे नवे आटे पाडत वर जातो, शेवटी आवळल्यासारखा लागतो, टॉर्कही (आवळण्याचा जोर) काही वेळ दाखवतो. महिन्या-दोन महिन्यांनी खड्ड्यांनी ते उसने आटे सोडतात आणि ‘टक्’ परत.

जाता जाता सीट बेल्टचं सांगून ठेवतो, कारण पुरानंतर आमच्या गावात हा गोंधळ घरोघर झाला. बाकी सगळी गाडी मेट्रिक असली तरी बेल्टचे बोल्ट बहुतेक गाड्यांत इंची असतात: सात-सोळांश, इंचाला २० आटे. जाडी ११.१ मिलिमीटर आणि पिच १.२७. हा पिच सव्वाच्या इतका जवळ आहे की हाताला फरक कळतच नाही. दहाचा बोल्ट त्यात खुळखुळत शिरतो, आणि कोणीतरी ‘भोक खराब झालंय’ म्हणून बाराचा टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार) मारून मोकळा होतो. तसं करू नका. बेल्टचे बोल्ट काढले की त्याच भोकाच्या चिठ्ठीसकट पिशवीत ठेवा.

तर निदान. गाडी उचलायची ती घोडीवर (जॅक स्टँडवर), दुसऱ्या चाकांना ठोकळे लावून. जांभ्या दगडाच्या थप्पीवर गाडी ठेवून तिच्याखाली जाणारे लोक मी पाहिलेत. जांभा भाराखाली आधी न सांगता फुटतो.

बोल्ट बाहेर काढून त्याचे आटे पुसून बघा. आट्यांत स्प्रिंगसारखी चकचकीत तार गुंडाळून आली असेल तर ते नटाचे आटे आहेत, सोलून आलेले. तार नाही आणि बोल्टाचेच माथे चेपलेत, तर नशीब चांगलं. नट बहुधा शाबूत आहे, बोल्ट बदलून काम भागेल. मग नटात वायर ब्रश फिरवा, ब्रेक क्लीनर मारा, हवा मारा आणि मोबाइलचा कॅमेरा टॉर्च लावून भोकाखाली धरा. झूम केलात की आटे मोजता येतात. बाराच्या नटाची उंची साधारण अकरा मिलिमीटर असते, म्हणजे १.२५ च्या पिचने आठ-साडेआठ आटे. माझ्याकडे खालचे तीन पार गेलेले, चौथा अर्धा, वरचे चार गंजाने भरलेले पण उभे.

बोल्ट फिरवताना नटही सोबत फिरत असेल तर ती वेगळी भानगड, तिच्याकडे शेवटी येतो.

आटे नुसते मळलेले किंवा तोंडाशी किंचित चेपलेले असतील तर लगेच टॅप काढू नका. टॅप कापतो. गंज आणि माती काढायला कापायची गरज नाही, आणि कापलेलं लोखंड परत येत नाही. त्याऐवजी त्याच मापाचा, त्याच पिचचा एक चांगला बोल्ट घ्या. ग्राइंडरच्या पातळ डिस्कने त्याच्या टोकापासून लांबीच्या दिशेने तीन चिरा पाडा, कडा कानशीने साफ करा. तेल लावून हा चिरांचा बोल्ट हातानेच आत-बाहेर फिरवत न्या. चिरांमध्ये जो काळा चिखल भरून येतो तो बघून घाबरायला होतं. दर वेळी पुसायचा. माझ्या नटातून सात-आठ वेळा पुसून झाल्यावर चिंधी कोरी आली.

टॅपच वापरावा लागला तर हँड टॅपच्या तीनच्या सेटमधला पहिला, निमुळता घ्या. आटे ठीक असलेल्या भागापर्यंत तो हाताच्या बोटांनी सरळ जायला हवा. टॅपचं हँडल लावून जोर करावा लागला तर टॅप जुना आटा सोडून नवा पाडतोय. अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, भरपूर तेल. खालून वर काम असल्यामुळे चुरा आपोआप गळतो, तो डोळ्यांत जातो. गॉगल लावा. मी पहिल्या पाच मिनिटांत शिकलो.

साफ करूनही माझे साडेचार आटेच उरले. म्हणजे साडेपाच मिलिमीटरची पकड, बाराच्या बोल्टाला अर्ध्याहून कमी. लोखंडात बोल्टाच्या जाडीइतकी पकड धरायची असा साधा हिशेब. त्यात सगळ्या आट्यांवर भार सारखा नसतो. बोल्टाच्या डोक्याकडच्या पहिल्या आट्यावरच तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो, आणि माझे नेमके तिकडचेच आटे गेलेले. बंपरचा ब्रॅकेट किंवा इंजिनखालचं कव्हर असतं तर चालवून घेतलं असतं. चाक धरणाऱ्या बोल्टाला नाही.

मोठा बोल्ट का नको, हे मेकॅनिकला पटवताना माझा घसा सुकला. चौदाचे आटे पाडायला नट साडेबारापर्यंत खोदायचा, पुढे आट्यांची खोली वेगळी. वेल्ड नटाची भिंत आधीच पातळ, ती आणखी पातळ होते. शिवाय बोल्ट वाढला की आर्मच्या ब्रॅकेटचं भोकही वाढवावं लागतं, आणि उद्या नवा आर्म आणला की तोही खोदायचा. पुढच्या वेळी आटे गेले तर सोळाचा मारणार का?

मी हेलिकॉइल बसवलं, म्हणजे गेलेले आटे खोदून त्या जागी नवे आटे देणारी तारेची गुंडाळी. खेर्डी एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत, त्यांच्याकडे आधी सल्ल्याला गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “ड्रिल सरळ कशी धरणार? झोपून मारणार ना?” हाच या कामातला अवघड भाग. पाठीवर झोपून, हात वर करून, डोळ्याच्या अंदाजाने मारलेलं भोक दोन-तीन अंश तरी कलतं, आणि कललेल्या भोकात बोल्टाचं डोकं एका कडेवर टेकतं.

उपाय त्यांनीच काढला. “जुना आर्म टाकलास का रे? नाही? मग घेऊन ये.” जुन्या आर्मचा मागचा ब्रॅकेट कापून घेतला. त्याचं खराब बाजूचं भोक त्यांनी लेथवर मधोमध धरून २० मिलिमीटरचं केलं आणि त्यात एक बुश, म्हणजे धातूची नळी, ठोकला, आतून ड्रिल जेमतेम सरकेल असा. घरी येऊन तो ब्रॅकेट शेजारच्या चांगल्या बोल्टाने जागेवर आवळला, की बुश बरोबर नटाखाली. ड्रिलला इकडेतिकडे व्हायला जागाच नाही. मजुरी त्यांनी चहापुरती घेतली.

१२×१.२५ च्या कॉइलसाठी ड्रिल साधारण १२.३ ची लागते. किटवर पिच वाचून घ्या, १२×१.७५ चं किट जास्त दिसतं आणि डबा सारखाच असतो. कॉइल नटाच्या उंचीपेक्षा लांब नको. भोक मारून झाल्यावर ब्रॅकेट काढून किटमधला टॅप हाताने चालवला. तो बाराच्या टॅपपेक्षा जाड असतो, कारण कॉइलच्या तारेला जागा हवी. दर दोन फेऱ्यांनी गुण्या लावून सरळ बघत गेलो. मग नट तेलाचा थेंबही उरणार नाही असा धुतला आणि कॉइल चढवली, तोंडापासून अर्धा-पाऊण आटा आत जाईपर्यंत. टोकाला एक आडवी शेपटी असते, ती कॉइल ओढून नेते आणि शेवटी मोडायची असते. लोहचुंबकाने ती काढू असं समजू नका, ती स्टेनलेसची. लांब नाकाच्या पकडीत धरून झटका दिला. माझी पकडीतून निसटून गालावर पडली, ते बरंच झालं. वर पेटीत गेली असती तर जन्मभर खुळखुळली असती.

बोल्ट कंपनीच्या पार्ट नंबरचा नवा. पहिल्या पाच फेऱ्या पाना न लावता, बोटांनी. इथे जरा जरी अडला तर उलटा फिरवायचा, एक हलका ‘टिक’ जाणवेपर्यंत. तो आट्याच्या तोंडात बोल्ट पडल्याचा आवाज, तिथून पुन्हा पुढे. मग टॉर्क रेंच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना), तीन टप्प्यांत. शेवटचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. रेंच फिरतोय आणि जोर वाढत नाही असं वाटलं तर तिथेच थांबायचं, आटे सोडतायत. आणि बुशमधून आडवा जाणारा बोल्ट असेल तर त्याचं शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून करा. चाक लोंबत असताना आवळलात तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

डोक्यावर आणि ब्रॅकेटवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ मारली. आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी खाली वाकून बघितलं. रेघ तुटलेली नाही.

आता फिरणाऱ्या नटाचं. तिथे वरचे उपाय चालत नाहीत, कारण वेल्डच सुटलंय. गाडीच्या आतून गालिचा उचलून नटाच्या बरोबर वर पेटीला तीन बाजूंनी कापून खिडकी काढायची, जुना नट छिन्नीने उडवायचा, नवा वेल्ड नट खालून बोल्टाने जागेवर धरून सीओटू वेल्डिंगने लावायचा, झाकण परत बंद करून सीलर आणि रंग. झिंक चढवलेला नट असेल तर वेल्डच्या जागेचा मुलामा आधी घासून काढा, त्याचा धूर वाईट. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघा. हे काम चांगल्या डेंटरकडे द्या, आणि तो कापत असताना शेजारी उभे राहा. नटाभोवतीचा पत्राच कुजलेला निघाला तर नट लावून उपयोग नाही, आधी पत्रा.

काही ‘उपाय’ मी डोळ्यांनी पाहिलेत: भोकात तांब्याच्या वायरचा तुकडा घालून बोल्ट आवळणे, टेफ्लॉन टेप, दोन भाग मिसळून भरायची पुट्टी, आणि सगळ्यात वरकडी म्हणजे बोल्टच ब्रॅकेटला वेल्ड करून टाकणे. शेवटचा उपाय केलेली गाडी कोणी आणली तर मी फक्त हळहळतो.

राहिली डावी बाजू. ती अजून बिघडली नव्हती, पण पूर तिनेही पाहिला होता. या वेळी उलट्या क्रमाने गेलो. आदल्या रात्री पेटीच्या ड्रेनच्या भोकातून लांब नळी घालून गंज सुटायचं तेल थेट वरून, बोल्टाच्या टोकावर मारलं, सकाळी परत एकदा. डोक्यावर हातोडीचे चार हलके ठोके. मग साध्या पान्याने अर्धी फेरी सोडायची, पाव फेरी परत आवळायची. जड झालं की थांबून पुन्हा तेल. एका बोल्टाला चाळीस मिनिटं लागली, तेवढ्यात घरातून दोनदा हाक आली. आटे मोजले, आठच्या आठ उभे. पेटीत मेणाचा स्प्रे मारला, नवा बोल्ट लावला. जुना बोल्ट पुसायला घेतला तर त्याच्या टोकाच्या शेवटच्या दोन आट्यांत तांबूस माती घट्ट बसलेली होती. नखाने निघेना, सुईने काढावी लागली.